घडव्याचे फासे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही—आणि तिला तर सांगायलाच हवं होतं, कारण ती तिथेच बसली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला हे सांगणं मला जमत नाही. एकदा संधी आली होती—त्याचंही सांगतो, पण नंतर.

ऐकायला ही गोष्ट फार लहान वाटेल. एका खेळातली आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. गेली दहा वर्षं मी स्वतःला हेच म्हणत आलो—अरे, खेळ होता तो! पण नुसता खेळच होता, तर मग हे लिहिताना मी तीनदा उठून पाणी का प्यायलो?

नागपूरला इंजिनिअरिंग करून मी गोंदियाजवळच्या गोरेगावला परत आलो ते हात हलवत. दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, काही जमलं नाही. वडिलांचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं, त्यात बसलो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसे. एकदा रोवणी आटोपली की दुकानात शुकशुकाट. सोबत शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला. असेही दिवस गेले की सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून ‘किती बॅग पाहिजे?’ याशिवाय शब्द निघाला नाही. बाप समोर बसलेला असे, पण बापाशी काय बोलणार? मी परत आलो याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि ते वाईट वाटणं ते लपवत होते—ते मला दिसायचं.

हॉस्टेलमधून मी एकच चांगली गोष्ट आणली होती. एक खेळ. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. चार-पाच जण बसतात; एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात—कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. समोर नदी आहे, काय करता? राक्षस आला, लढता की पळता? जे करायचं ते बोलून करायचं, आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा. मास्टरच्या समोर एक आडोसा असतो. त्याच्यामागे तो काही फासे गुपचूप टाकतो आणि काय झालं ते सांगतो. आकडा फक्त त्यालाच दिसतो. तो सांगेल ते खरं मानायचं. सगळा खेळ त्या एका विश्वासावर चालतो.

दुकानामागच्या गोदामात, खताच्या त्या नाकात चढणाऱ्या वासात, मी रविवारी दुपारी खेळ मांडायला लागलो. आडोसा म्हणजे बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा. खेळायला माझी धाकटी बहीण सपना आणि काकांचा रोशन. सपनाचं पात्र होतं चंद्री नावाची एक चोर मुलगी. रोशनचा एक दांडगा योद्धा. मी मास्टर. आठवडाभर वहीत राज्यं आखायचो, लढाया रचायचो. रविवारी ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. सांगू का—त्या तीन तासांसाठी मी उरलेला आठवडा जगत होतो.

मग जैपाल आला.

जैपाल उईके. आयटीआय झालेला, मोटारी भरायचा—म्हणजे जळालेल्या पंपाच्या, पंख्याच्या मोटारीत नव्यानं तार गुंडाळायचा. जंगलाकडच्या गावचा, बसस्टँडजवळ खोली करून राहायचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला नुसतं जैपाल म्हणायचो आणि तो मला प्रमोदभाऊ, ‘तुमी’. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. एका रविवारी तो गोदामातला पंखा दुरुस्त करायला आला आणि स्टुलावर बसून काम करता करता आमचा खेळ ऐकत राहिला. तासाभरानं, हातातला पेचकस तसाच धरून म्हणाला, “एक विचारू का जी? तलवार तं सब्बे चालवून राहिले. पन थे बनवून कोन राहिला?”

आम्ही हसलो. मी म्हटलं, या खेळात बनवणारा नसतो. आणि मग—थट्टेनंच—तू बनव की एक.

त्यानं ते थट्टेवारी नेलं नाही. तीन आठवड्यांनी दोनशे पानी वही घेऊन आला. त्यानं एक नवा प्रकारच रचला होता—योद्धा, जादूगार, चोर, तसा ‘घडव्या’. हातानं वस्तू घडवणारा. मी नागपूरला छापील नियमांची पुस्तकं वाचली होती. खरं सांगतो, त्या वहीतलं बरंच काही त्या पुस्तकांच्या वरचढ होतं. त्यात लोखंड होतं, ऐनाचं लाकूड होतं, लाख होती, कोशाचा रेशमी धागा होता. प्रत्येक मालाचा कस वेगळा. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या बांबूला एक गुण जास्त, कारण त्याला कीड लागत नाही. घाईनं केलेल्या वस्तूचे दोन गुण कमी. आणि एक नियम असा, जो मी कुठेच वाचला नव्हता—घडव्यानं केलेल्या प्रत्येक वस्तूत एक खोड असणारच, आणि ती कोणती हे वापरणाऱ्याला आधी सांगायचं. मी विचारलं, हे काऊन? तर म्हणे, “बिनखोडीची वस्तूच नसते जी. सांगून देली तं मानूस सांभाळून वापरते.”

आणखी एक नियम होता. वस्तू नीट उतरली की नाही, त्याचा फासा घडव्यानं टाकायचा नाही. मास्टरनं टाकायचा, आडोशामागे, वस्तू प्रत्यक्ष वापरात येईल तेव्हा. कारण—त्याचंच म्हणणं—मोटार भरताना कितीही नीट भरा, बटन दाबल्याबिगर कळत नाही.

म्हणजे फासा त्यानं स्वतः माझ्या हातात दिला. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पहिले दोन महिने—काय बहार आली! त्या गोदामात इतकं हसू कधी नव्हतं. जैपालचा घडव्या काहीही करायचा. शत्रूच्या किल्ल्यावर हल्ला करायच्या ऐवजी त्यानं त्यांची बंद पडलेली पाणचक्की दुरुस्त करून दिली आणि किल्ल्याचं दार आतून उघडलं. ती लढाई रचायला मला तीन आठवडे लागले होते. एकाही सैनिकानं तलवार उपसली नाही. सपना टाळ्या वाजवत होती. रोशन, जो आठवडाभर लढाईचीच वाट बघायचा, तोही म्हणाला, “भाई, ये तो कमाल कर दिया.”

मीही हसलो. हसायलाच हवं होतं ना?

पण हळूहळू काय झालं, ती दोघं माझ्याकडे बघेनाशी झाली. मी म्हणायचो, समोर डोंगर आहे, काय करता? आणि सपना जैपालकडे वळून विचारायची, “जैपालदादा, आता काय बनवायचं?” तिघं वहीवर वाकून बसायचे, माल मोजायचे, भांडायचे. मी पुठ्ठ्यामागे एकटा. माझंच गोदाम, माझेच फासे, माझीच गोष्ट—आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. दुकानात जसा बसायचो तसाच, गिऱ्हाइकाची वाट बघत.

कारण सांगतोय असं वाटतंय का? नाही. हे कारण नाही. एकटी माणसं खूप असतात. सगळीच असं करत नाहीत.

पहिल्यांदा केलं ते एका दोरखंडाबाबत. कोशाच्या धाग्याचा दोर, दरीवरून पलीकडे जायला. अकरा किंवा वर पडायला हवे होते. फासा थांबला—सतरा. मी सतराकडे बघितलं. वर मान केली. आणि म्हणालो, तुटला.

बस, एवढंच. किती सोपं होतं! कुणी उठून पुठ्ठ्यामागे डोकावलं नाही. जैपाल म्हणाला, “अरे,” आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतर दर रविवारी नाही. दर रविवारी केलं असतं तर पकडलो गेलो असतो. मी हुशार होतो. तीनपैकी दोनदा. लहान वस्तू उतरू द्यायचो, मोठी मोडायची. कुलूप उघडायचं, पण पूल कोसळायचा. आणि जैपाल—त्याला एकदाही माझा संशय आला नाही. त्याला स्वतःच्या आकड्यांचा आला. तो आठवडाभर मोटारी भरून झाल्यावर वही घेऊन बसायचा, कस बदलायचा, वेळ वाढवायचा. एका पत्र्याच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून त्या पुन्हा पुन्हा काढून बघायचा. म्हणायचा, “घरी बरोबर येते जी. इथीच काऊन नाही येत?”

त्यावर मी काय केलं असेल? मी त्याला संभाव्यता शिकवली. खरंच. कोऱ्या बिलाच्या मागे आकृत्या काढून, इंजिनिअरच्या तोऱ्यात. तुझ्या चिठ्ठ्या नीट मिसळत नसतील, थोड्या वेळा काढून काही कळत नाही, गणित असं अंदाजे नसतं. तो मान डोलवत ऐकायचा. “तुमी शिकलेले. माझ्याच हिशोबात खोट असन.” मी ‘असेल’ म्हटलं. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तो परत माझ्याकडे बघायला लागला होता.

त्याच सुमारास तो एकदा दुकानात आला. काम करता करता डिप्लोमा होतो म्हणे, त्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, आणि आमच्याकडे कॉम्प्युटर होता. या वहीच्या नादानं आकड्यांची भीती मोडली, असं तो लाजत लाजत म्हणाला. सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. एक दाखला राहिला होता, तो आणला की भरू असं ठरलं.

मग डोंगा.

गोष्टीत एक मोठं तळं होतं. माझ्या मनात होतं की तिघांनी घाटातून वळसा घालावा, कारण घाटात मी माझी सगळ्यात मोठी लढाई मांडून ठेवली होती. जैपाल म्हणाला, आपण डोंगा बनवू, लाकडाची होडी. आठ रविवार त्यानं तो डोंगा बनवला. लाकूड निवडलं, वाळवलं, फटीत लाख भरली. घाई म्हणून केली नाही, कुठेच. मोडलेल्या सगळ्या वस्तूंतून जे शिकलो असं त्याला वाटत होतं, ते सगळं त्यानं त्यात घातलं. आणि मधल्या एका सुट्टीच्या दिवशी त्यानं आम्हाला चोरखमाऱ्याच्या तळ्यावर नेलं. दोन मोटारसायकलींवर चौघं. त्यानं घरी वीतभर लांबीचा खराखुरा डोंगा घडवला होता, बांबू आणि लाकडाचा, लाखेनं बुजवलेला. तळ्याच्या काठाशी उकिडवं बसून त्यानं तो पाण्यात सोडला, त्यात तीन खडे ठेवले—एक सपनाचा, एक रोशनचा, एक स्वतःचा. मग हातानं पाण्यात लाटा केल्या. डोंगा हलला, कलला, पण बुडाला नाही. सपना ओरडली, रोशन शिट्ट्या मारायला लागला. मी पाळीवर, तळ्याच्या बांधावर, उभा होतो. माझा खडा त्यात नव्हता. कसा असणार? मास्टर कुठे बसतो डोंग्यात! तरी मी ते तीन खडे बघत उभा राहिलो, आणि तिथेच, त्या उन्हात, मी ठरवलं. रागाच्या भरात झालं असं मला म्हणता येत नाही. मध्ये चार दिवस गेले होते.

रविवारी खेळातला डोंगा तळ्याच्या मध्यावर आला. आठ किंवा वर पडायला हवे होते; इतकं बळ त्यानं त्यात घातलं होतं. मी फासा टाकला. अठरा.

मी म्हणालो, चार. तळाची फळी उघडली.

पुढचं मी नीट रंगवून सांगितलं. मला ते येतंच. पाणी कसं शिरलं, कोण कुठे फेकलं गेलं. योद्धा आणि घडव्या कसेबसे काठाला लागले. चंद्री बुडाली. सपना दीड वर्ष चंद्री होती. कॉलेजात जाताना वाटेत तिच्या गोष्टी मनात रचायची, तिच्यासाठी वेगळी वही केली होती.  ती जैपालला म्हणाली, “तुम्ही म्हणाले होते न दादा, बुडणार नाही म्हणून?” आणि उठून घरात गेली. रडत होती. रोशननं फासे गोळा केले आणि म्हणाला, “तेरे घडव्याने मरवा दिया, यार.”

जैपालनं वही माझ्यासमोर ठेवली. डोंग्याचं पान उघडं. आवाज अगदी हळू—“प्रमोदभाऊ, कोठी चुकला असन?”

मी पान बघितलं. एकही चूक नव्हती त्यात. मी एका ओळीवर बोट ठेवलं. लाखेच्या प्रमाणाच्या. म्हटलं, हे बघ, इथे.

सांगायचं होतं ते हे. फासा खोटा सांगितला ते नाही—म्हणजे तेही आहेच—पण हे बोट. त्यानं खिशातून पेन काढलं आणि मी दाखवलेली ती बरोबर ओळ माझ्यादेखत खोडली. दोनदा. आत जाऊन सपनाची माफी मागून आला. जाताना वही माझ्याकडेच ठेवून गेला. “तुमच्याजवळच राहू द्या. मले नाही जमला.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीच एकदा बसस्टँडकडे गेलो, सहज आल्यासारखं. खोलीबाहेर बसून मोटार भरत होता. तार गुंडाळताना तो वेढे तोंडानं मोजायचा, म्हणून बोलायला त्यानं हात थांबवला. मी फॉर्मचं विचारलं. शेवटची तारीख जवळ आली होती. म्हणाला, “राहू द्या जी. तेथी गणित लागते. माझं गणित बसत नाही, पाहिलं न तुमी.”

पाहिलं होतं. मीच तर पाहिलं होतं, फक्त मीच. तिथं एक वाक्य बोलायचं होतं—काय अवघड होतं त्यात? मी म्हटलं, बघ बाबा, विचार कर. आणि निघून आलो. त्याचा डिप्लोमा माझ्यामुळेच राहिला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्यामुळे नाही राहिला, असंही नाही सांगू शकत.

खेळ तिघांत दोन-तीनदा मांडला, मग मोडला. रोशन गोंदियाला गेला. सपनाचं लग्न होऊन ती दुर्गला गेली. फोनवर अजून कधी चंद्रीची आठवण काढते, हसून. मी ‘हो ना’ म्हणतो. वडील गेले. दुकान माझं झालं.

दोन वर्षांपूर्वी, रोवणी संपल्यावरच्या एका रिकाम्या दुपारी, मी गोदामात बसून जैपालची वही काढली. पहिली पानं, त्यानं बदलण्याआधीची. त्याच्याच नियमांनी, तीन पात्रं स्वतःच घेऊन, मी एकटा खेळलो. आडोसा लावला नाही. पडेल तो आकडा लिहिला. आठवडाभर रोज दुपारी. पूल उभे राहिले. काही वस्तू मोडल्या, जितक्या मोडाव्यात तितक्याच. त्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मला शिकवलेल्या कुठल्याही गणितानं तपासा. समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्यांना मी हे मोठ्यानं सांगितलं. बायकोनं घरातून विचारलं, कोण आलंय? म्हटलं, कुणी नाही.

आता ती संधी.

गेल्या हिवाळ्यात गोंदियाच्या बसस्टँडवर जैपाल भेटला. एका राईस मिलमध्ये मोटारी बघतो म्हणाला. कानावरचे केस पांढरे झालेत. सोबत मुलगी होती, सात-आठ वर्षांची, शाळेचं दप्तर पोटाशी धरलेली. तो मला बघून मनापासून हसला. मी अवघडलो, तो नाही. “खेलता का अजून?” असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग मुलीकडे वळून तो सांगायला लागला की या भाऊंकडे आम्ही एक खेळ खेळायचो, त्यात मी एक माणूस बनवला होता, घडव्या म्हणून. मुलीनं विचारलं, “मंग?”

“मंग काय. माझं गणित कच्चं. डोंगा बुडवला मी.” हसला. “ह्यायनं लय समजावून सांगतला मले. लय हुशार हायेत हे.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मोठ्या माणसांकडे लहान मुलं आदरानं बघतात, तसं. गाडी यायला अजून पाच-दहा मिनिटं होती. आम्ही तिघंच त्या खांबाजवळ. जैपाल मी काही बोलेन म्हणून थांबला असावा—की नुसताच थांबला होता, कोण जाणे.

मी म्हणालो, “कठीणच असतं ते.”

मग त्यांची गाडी लागली. गर्दी धावली. मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि त्या दोघांसाठी जागा धरली. जैपाल आत बसल्यावर खिडकीतून रुमाल परत देताना म्हणाला, “लय उपकार झाले जी.” मी हात हलवला. गाडी निघाली.